गाण्याचं वेड चारचौघांत

क्रिकेटसाठी रजा टाकणाऱ्या माणसाचं आपल्याकडे कुणाला काही वाटत नाही. मॅचच्या दिवशी साहेबच येऊन विचारतात, स्कोअर किती झाला? आता एखाद्या पस्तिशीतल्या माणसाने ऑफिसात सांगून बघावं, ‘उद्या रजा हवी. मुंबईला अमक्या गायिकेचं गाणं आहे आणि ते संपल्यावर रात्री नाशिकला परतायची सोय नाही.’ समोरचा आधी हसेल, मग म्हणेल, ‘एवढं काय त्यात? यूट्यूबवर ऐक की.’ म्हणून बहुतेक जण ‘घरी जरा काम आहे’ असं सांगून मोकळे होतात. लग्नकार्य, आजारपण, गावची जत्रा या कारणांना आपल्याकडे मान आहे. गाण्याच्या ओढीला नाही. ती ओढ म्हणजे पोरवयातलं खूळ, फार तर निवृत्तीनंतरचा विरंगुळा. मधल्या चाळीस वर्षांत माणसाने तिला आवर घालावा, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. माझं म्हणणं याच्या उलट आहे. हे वेड चारचौघांत कबूल करावं, त्याला घरात जागा द्यावी आणि शहराच्या कारभारानेही त्याची दखल घ्यावी. संगीत ज्या दोन पायांवर उभं आहे त्यातला एक पाय हा वेडा श्रोता आहे.

हे नाशिकमध्ये बसून म्हणायला मला विशेष अधिकार वाटतो. बाहेरच्यांना आपलं गाव द्राक्षांमुळे, कुंभमेळ्यामुळे आणि ढोलामुळे माहीत असतं. पण ज्या माणसाने गाणं राजेरजवाड्यांच्या बैठकीतून बाहेर काढलं, तिकीट लावून सामान्य माणसापुढे ठेवलं, 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते पं. विष्णू दिगंबर पलुस्कर आयुष्याच्या उत्तरार्धात नाशिकला येऊन राहिले. इथे त्यांनी रामनाम आधार आश्रम स्थापन केला. 1931 मध्ये ते गेले. शिकणारा प्रत्येक जण तानसेन होणार नाही, पण कानसेन, म्हणजे जाणकार श्रोता, झाला पाहिजे, ही त्यांची भूमिका म्हणून गाण्याच्या वर्तुळात आजही सांगितली जाते. इतक्या वर्षांनी हिशोब मांडला तर तानसेन आपण बरेच घडवले. गावोगावी क्लास निघाले, परीक्षा झाल्या, प्रमाणपत्रं वाटली गेली. कानसेनाचं काय केलं? त्याला शेवटच्या रांगेत नेऊन बसवलं.

हे मी शब्दशः म्हणतो आहे. शालिमारजवळच्या कालिदास कलामंदिरात किंवा शहरातल्या कुठल्याही सभागृहात गाण्याच्या कार्यक्रमाला जा. पुढच्या रांगांतल्या खुर्च्यांवर ‘निमंत्रितांसाठी राखीव’ असे कागद चिकटवलेले असतात. ज्याने पहिल्या दिवशी तिकीट काढलं तो त्यांच्या मागे. साडेसहाचा कार्यक्रम, पाहुणे सव्वासातला येतात. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, शाल, श्रीफळ, मनोगत आणि त्यावर आणखी एकाचं मनोगत. विंगेत तानपुरे जुळवून ठेवलेले असतात, एसीच्या गारव्याने ते उतरतात, तबलजी पुन्हा हातोडी काढतो. गाणं सुरू होतं तेव्हा आठ वाजायला आलेले असतात आणि पहिला ख्याल संपायच्या आत निमंत्रित उठून जातात. मग रात्रभर गायकाच्या नजरेसमोर काय असतं? रिकाम्या खुर्च्या. त्यांच्या पलीकडे, अंधारात, ज्यांच्यासाठी तो आला ती माणसं. एखाद्या संस्थेला दोष देऊन हे मिटणार नाही, ही सगळ्या शहराची सवय आहे. तिचीच दुसरी बाजू म्हणजे पास. रविवारी गंगापूर रोडच्या पुढे मळ्यात जाऊन मिसळीचं चार माणसांचं बिल आनंदाने भरणारा नाशिककर गाण्याचं तिकीट म्हटलं की विचारतो, ‘एखादा पास मिळेल का?’ पास मिळवणं ही प्रतिष्ठा झाली आहे, तिकीट काढणं ओळखपाळख नसलेल्यांचं काम. प्रत्यक्षात कार्यक्रम चालतो तो त्या ओळखपाळख नसलेल्यांच्या पैशावर आणि त्यांच्या कानावर.

कानावर म्हणतो, ते काय असतं हे जवळून बघायचं असेल तर दिवाळीत पाडवा पहाटेला नेहरू चौकातल्या पिंपळपारावर जावं. अंधार असतो, थंडी असते, माणसं शाली गुंडाळून दाटीवाटीने बसलेली असतात. तिथे एक गृहस्थ मी दरवर्षी बघतो. मंचाच्या एका अंगाला, तबलजीचा हात दिसेल अशी जागा ते धरतात. विलंबित एकताल, म्हणजे संथ लयीतला बारा मात्रांचा ताल, चालू असतो. त्यांचा उजवा हात मांडीवर, बोटं मात्रा मोजत असतात, इतकी हलकी की शेजाऱ्यालाही कळू नये. आवर्तन संपत आलं की अकराव्या मात्रेला त्यांची हनुवटी वर उचलली जाते, श्वास अडतो. गायक मुद्दाम रेंगाळतो, वाटतं की आता समेला, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, पोचत नाही. आणि पोचतो. हात खाली येतो, तोंडातून फक्त ‘अहा’ एवढंच निघतं. त्याच क्षणी गायक तिकडे बघतो. ही नजरानजर घडली की पुढची आवर्तनं निराळी होतात, गायक धाडस करू लागतो, हे ज्याने बैठकीत बसून ऐकलं आहे त्याला सांगायला नको. मॉन्ट्रियलमधल्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवून दिलं की आवडत्या संगीताने अंगावर काटा येतो तेव्हा मेंदूत डोपामिन स्रवतं, आणि ते त्या शिखराच्या आधीच्या वाट पाहण्यातही स्रवतं. पिंपळपारावरच्या त्या गृहस्थांची उचललेली हनुवटी म्हणजे तीच वाट पाहणं. ती यायला वर्षानुवर्षं एकाच गोष्टीवर जीव लावावा लागतो. येता-जाता कानावर पडलेल्या गाण्याने ती येत नाही.

आणि कलाकार तरी येतात कुठून? 1933 मध्ये गदगचा अकरा वर्षांचा एक मुलगा अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ठुमरीची रेकॉर्ड ऐकून असा काही पेटला की घर सोडून निघून गेला. विनातिकीट गाड्यांमधून फिरला, डब्यात गाणी म्हणून पोट भरलं, गुरू शोधत उत्तर हिंदुस्थान पालथा घातला. त्या वयात तो गायक नव्हता, एका आवाजाचा नादी चाहता होता. पुढे तो भीमसेन जोशी झाला. 1953 मध्ये आपल्या गुरूच्या नावाने त्यांनी पुण्यात जो महोत्सव सुरू केला, त्याच्या मुळाशीही भक्तीच आहे. कुमार गंधर्वांचंही तेच, लहानपणी मोठमोठ्या गायकांच्या रेकॉर्ड ऐकून हुबेहूब तसं गाणं हा त्यांचा पहिला चमत्कार. घरात एखादं पोर एकच गाणं दिवसातून वीस वेळा लावून बसतं तेव्हा आपण ‘बंद कर ते’ म्हणतो. ते पोर भीमसेन होईल असं मी म्हणत नाही. पण वीस वेळा तेच ऐकल्याशिवाय कुणीच काही होत नाही, श्रोतासुद्धा.

आता या वेडाच्या ताकदीबद्दल. ती लोकांना कमी वाटते म्हणून जरा सविस्तर सांगतो. 1952 मध्ये डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. मराठी माणूस, विद्वान, शास्त्रीय संगीताचा कळकळीचा पुरस्कर्ता. त्यांच्या काळात आकाशवाणीवर संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला आणि ज्यांनी कधी बैठक बघितली नव्हती अशा घरांत मोठे गवई पोचले. हे उपकार मोठे आहेत. पण त्याच कळकळीतून सिनेमासंगीताने लोकांची अभिरुची बिघडते असं ठरवून आकाशवाणीवरून ते जवळजवळ हद्दपार झालं. लोकांनी काय केलं? मोर्चे काढले नाहीत. रेडिओची सुई सरकवून रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी डिसेंबरात तिथे अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. बुधवारची संध्याकाळ ठरून गेली. त्यावेळच्या बिहारमधलं, अभ्रकाच्या खाणींचं झुमरीतलैया नावाचं गाव देशभर माहीत झालं, ते केवळ तिथून येणाऱ्या फर्माइशींच्या पोस्टकार्डांमुळे. विचार करा, त्या गावातल्या माणसांकडे काय होतं? पोस्टकार्ड, पेन आणि एखाद्या गाण्यावरचा जीव. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला सरकारला विविध भारती सुरू करावी लागली आणि सिनेमाची गाणी सरकारी रेडिओवर हक्काने वाजू लागली. एका धोरणाला चाहत्यांनी पाच वर्षांत वळवलं. केसकरांच्या प्रयत्नात खोट नव्हती. पण एका गाण्यावरचं प्रेम कापून दुसऱ्या गाण्यावरचं प्रेम उगवत नाही, एवढं त्यावरून आपण शिकायला हवं होतं.

शिकलो नाही. आज तीच वागणूक आपण घरातल्या पोरींना देतो. कॉलेज रोडवर बीटीएस या कोरियन बँडचे टी-शर्ट घातलेल्या मुली दिसल्या की त्यांच्या मागे हसणारे लोक मी ऐकले आहेत, त्यात स्वतःला रसिक समजणारे फार. माझ्या नात्यातली अशी एक मुलगी आहे. तिने गाण्यांचे शब्द कळावेत म्हणून कोरियन लिपी शिकून घेतली, कुणी सांगितलं नसताना, परीक्षा नसताना. वहीच्या डाव्या पानावर कोरियन ओळ, खाली देवनागरीत उच्चार, उजव्या पानावर मराठीत अर्थ, आणि जिथे अर्थ नीट बसला नाही तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. संस्कृतची वही तिने इतकी नीट ठेवली असती तर घरात पेढे वाटले असते. जून 2020 मध्ये बीटीएसने अमेरिकेतल्या ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर चळवळीला 10 लाख डॉलर दिल्याचं कळलं तेव्हा जगभरच्या चाहत्यांनी साधारण एका दिवसात तेवढीच रक्कम उभी केली. आपण ज्यांना खुळ्या पोरी म्हणतो त्यातल्याच या.

बायकांच्या वेडाला तर आपण दुप्पट हसतो. पुरुष रात्री दीडला बैठकीतून घरी आला तर तो दर्दी. बाई आली तर? लग्नाआधी गाणं ऐकायला मैलोन् मैल जाणाऱ्या कित्येक जणी नंतर ओट्यावर मोबाइल ठेवून, कुकरच्या शिट्ट्यांमधून जमेल तेवढं ऐकतात. त्यांचं प्रेम कमी झालेलं नसतं. कार्यक्रम सुटल्यावर सिडको, पाथर्डी फाटा, मखमलाबाद इथपर्यंत एकटीने जायला वाहन मिळत नाही, ही त्यांची साधी अडचण आहे. कार्यक्रम वेळेवर सुरू झाला तर तो वेळेवर संपेल आणि सभागृह शेवटच्या बसच्या आत रिकामं होईल. म्हणजे अडतं ते पुन्हा त्या शालीपाशी आणि मनोगतापाशी.

एवढं बोललं की लोक आक्षेप घेतात, आणि ते सगळेच काही खोटे नाहीत. एक असा की चाहतेपण म्हणजे व्यक्तिपूजा, तिने डोकं बंद होतं. काही वेळा होतंही. आवडत्या गायकावर कुणी टीका केली की त्याला घाणेरड्या शिव्या घालणारे लोक फोनवर रोज दिसतात. पण वाद आणि शिवीगाळ यात फरक आहे. किराणा घराणं की जयपूर घराणं, लता की आशा, या वादांत आपल्या आजोबांच्या पिढीने रात्री घालवल्या आणि त्यातून त्यांचे कान तयार झाले, कारण आपली बाजू मांडायला त्यांना गाण्यातलीच जागा दाखवावी लागे. जो माणूस गाण्याबद्दल बोलायचं सोडून समोरच्याच्या जातीवर, रूपावर, आईवर घसरतो, त्याचं गाणं केव्हाच सुटलेलं असतं. दुसरा आक्षेप गर्दीचा. 25 नोव्हेंबर 2023 ला कोचीच्या विद्यापीठात गाण्याच्या कार्यक्रमाआधी चेंगराचेंगरी होऊन चार जीव गेले. अशा वेळी ‘काय हे पोरांचं वेड’ म्हणणं सोपं आहे. दारं किती, जिने किती, आत किती जण सोडले, हे बघणं आयोजकांचं आणि प्रशासनाचं काम असतं. चाहत्यांच्या ओढीवर ते ढकलू नये.

तिसरा आक्षेप आवाजाचा आणि तो नाशिककराने टाळून चालणार नाही. ढोल हे आपलं वेड आहे, मला त्याचा अभिमान आहे. गणपतीच्या आधी कितीतरी दिवस संध्याकाळी सराव करणारी, तळहाताला फोड येईपर्यंत वाजवणारी मुलं-मुली मी भक्तांमध्येच मोजतो. ढोलाचा ठेका धरताना शेजारच्याचा हात ऐकावा लागतो, ताशाकडे कान ठेवावा लागतो. याच्याशी छाती हादरवणाऱ्या स्पीकरच्या भिंतीचं काही नातं नाही. तिथे कुणी कुणाचं ऐकत नसतं. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा 2000 च्या नियमांनी घालून दिली आहे. ती पाळली म्हणून गाण्याच्या भक्तीत काही कमी पडत नाही. दवाखान्यात पडलेल्या माणसाने जे ऐकायचं निवडलेलं नाही ते त्याच्यावर लादणं हा संगीताच्या प्रेमाचा भाग कधीच नव्हता.

उघड्यावर, सगळ्यांदेखत गाण्यात विरघळून जायची आपल्याला सवय नाही असंही कुणी म्हणू नये. ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी निघते, नाशिकमधून जाते. टाळ-मृदंगाचा ठेका चढला की सत्तरीची माणसं फुगड्या घालतात, बायका डोईवर तुळस घेऊन नाचतात. ‘तिथे देव आहे’ असं उत्तर मिळेल. आहेच. पण त्या पावलांना उचलणारा मृदंगही आहे, चालही आहे. तिथे कुणी कुणाचं वय विचारत नाही, हुद्दा विचारत नाही. हीच मोकळीक सभागृहात शिरताना आपण बाहेर चपलांजवळ का ठेवतो?

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्या गोष्टीकडे येतो. विष्णू दिगंबरांचे पुत्र पं. द. वि. पलुस्कर 1955 मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. आज त्यांचं गाणं ऐकायला मिळतं ते रेकॉर्डवर आणि रेडिओच्या ध्वनिमुद्रणांत जे उरलं त्यामुळे, आणि त्यातलं बरंचसं लोकांपर्यंत पोचलं ते वेड्या संग्राहकांच्या हातून. भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रणांची आपल्याला जी काही माहिती आहे तिचा मोठा भाग सरकारने जमवलेला नाही. 1902 मध्ये कोलकात्यात गौहरजानचं गाणं मुद्रित झालं. गाणं संपल्यावर ती स्वतःचं नाव सांगायची, कारण तबकड्या जर्मनीत तयार व्हायच्या आणि तिथल्या लोकांना गाणारी कोण ते कळायला हवं. ते नाव आज आपल्याला ऐकू येतं, कारण कुणीतरी ती लाखेची, धक्का लागला तरी फुटणारी तबकडी चोरबाजारातून उचलून घरी नेली. 1990 मध्ये मुंबईत अशा लोकांनी मिळून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था काढली. कानपूरच्या हरमंदिरसिंग ‘हमराज’ यांनी 1931 पासूनच्या हिंदी सिनेमांच्या गाण्यांचा दशकवार कोश केला. विद्यापीठांनी करायची कामं चाहत्यांनी केली.

नाशिकमध्येही अशी माणसं आहेत. माझ्या ओळखीचे एक काका नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. त्यांच्याकडे रेकॉर्डच्या लाकडी पेट्या आहेत आणि फुलस्केप वह्या. वहीत पट्टीने आखलेले रकाने: तारीख, कलाकार, राग, बंदिशीचा मुखडा, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, कुठे ऐकलं. शेवटच्या रकान्यात दोन-तीन शब्द. ‘निषाद लागला.’ ‘दुसरा खटका पुन्हा ऐकणे.’ एका ठिकाणी नुसतं ‘घरी चालत आलो.’ या शहरात कोण कोण गाऊन गेलं याचा इतका बारीक इतिहास दुसरीकडे कुठे लिहिलेला मला माहीत नाही. त्यांचा मुलगा पुण्याला दोन खोल्यांत राहतो. तो मला विचारतो की बाबांनंतर हे कुठे द्यायचं. त्याच्या प्रश्नात कुरकुर नाही, जागाच नाही हे खरं आहे. अशा घरांतून पेट्या शेवटी किलोच्या भावाने जातात, लाकूड वेगळं, तबकड्या वेगळ्या.

1840 पासून ज्या गावात सार्वजनिक वाचनालय आहे त्या गावात सार्वजनिक ऐकण्याची एक खोली का असू नये? 2027 च्या सिंहस्थासाठी रस्ते होत आहेत, घाट होत आहेत. त्यातच महापालिकेने एक खोली द्यावी. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या वाजवणारं, त्यांना लागणाऱ्या जाड सुईचं एक यंत्र, कॅसेटचा एक चांगला डेक, संगणकावर उतरवून घ्यायची सोय, भिंतीला उभे कप्पे. आठवड्यातून दोन संध्याकाळी उघडी ठेवायला माणसं मी देतो, या शहरातले चाहते रांग लावतील. तिथे काकांच्या वह्या याव्यात आणि माझ्या नात्यातल्या त्या पोरीची कोरियन-मराठी वहीसुद्धा यावी. कालिदासला लावायचा नियम तर फुकट आहे: पहिल्या तीन रांगा तिकीट काढणाऱ्यांना, सत्कार कार्यक्रमानंतर, गाणं जाहिरातीत छापलेल्या वेळेला.

तोवर ज्यांच्या माळ्यावर अशा पेट्या असतील त्यांनी एवढं करावं. तबकड्या आडव्या रचून ठेवू नयेत, उभ्या ठेवाव्यात. पावसाळ्यात ओल लागू देऊ नये. कॅसेट वर्षातून एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्याव्यात. वह्या असतील तर फोनवर पानापानाचे फोटो काढून ठेवावेत. आणि भंगारवाल्याला हाक मारण्याआधी ओळखीतल्या एखाद्या संग्राहकाला फोन करावा, तो सिन्नरहूनसुद्धा दुसऱ्या गाडीने येईल.